संगणकाची फेरफार वही

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी सातबारा नक्की पाहिला असेल. आमच्या वणीच्या पंचक्रोशीत तर द्राक्षबागेसाठी कर्ज काढायचं असो की वाटणीचा विषय असो, 'आधी सातबारा आणा' हे शब्द ठरलेलेच! सात म्हणजे गाव नमुना सात. जमीन कोणाच्या नावावर आहे, ते त्यात असतं. बारा म्हणजे गाव नमुना बारा. कोणतं पीक घेतलं, ते त्यात असतं. पण या दोघांच्या मागे आणखी एक वही उभी असते. तिचं नाव गाव नमुना सहा, म्हणजेच फेरफार नोंदवही.

समजा, आजोबांच्या नावावरची जमीन बाबांच्या आणि आत्याच्या नावावर आली. मग सातबाऱ्यावरचं आजोबांचं नाव कोणी खोडरबरानं पुसून टाकतं का? मुळीच नाही! आधी फेरफार वहीत नोंद होते. तिला अनुक्रमांक मिळतो. काय बदललं, का बदललं, कोणत्या गट नंबरात बदललं, हे सगळं लिहिलं जातं. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर गोल करून येतो. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, 'हे नाव इथे आलं कसं?', तर त्या नंबरावरून मागे मागे जात उत्तर सापडतं. आता ही कामं संगणकावर होतात, पण पद्धत तीच. बदल करा, पण नोंद ठेवून करा!

आता मला सांगा, तुमच्या संगणकावरच्या फाईलींना अशी फेरफार वही आहे का?

'अंतिम', 'नवीन अंतिम', 'खरंच अंतिम'

शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीतली तीन मुलं 'आपलं गाव वणी' या विषयावर माहिती लिहीत आहेत, असं समजू या. पहिल्या दिवशी फाईलचं नाव 'वणी'. दुसऱ्या दिवशी 'वणी नवीन'. मग 'वणी अंतिम', मग 'वणी नवीन अंतिम', आणि शेवटी 'वणी खरंच अंतिम'! पेनड्राइव्हवर एक प्रत, बाबांच्या मोबाईलवर दुसरी, शाळेच्या संगणकावर तिसरी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळेचना, की यातली खरी कोणती?

आणि घोटाळा इथेच होतो बरं का! पहिल्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं, 'वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे, पण सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आहे.' दुसऱ्याला वाटलं, सगळे तर 'वणीचा गड' म्हणतात, मग तालुका वेगळा कसा असेल? त्यानं ते वाक्य 'गड दिंडोरी तालुक्यात आहे' असं करून टाकलं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण बदल कोणाला सांगितला नाही, आणि जुनं वाक्य कुठेच उरलं नाही. तेच चुकीचं वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरांत गेलं, तर प्रदर्शन बघायला आलेली नांदुरीची मंडळी काय म्हणतील? आणि मग 'मी नाही, त्यानं केलं' हे भांडण वेगळंच!

या दुखण्यावर संगणकवाल्यांनी जो उपाय काढला, त्याला म्हणतात आवृत्ती नियंत्रण. त्यासाठी आज जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन आहे 'गिट'.

गिट आलं कुठून?

लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधला विद्यार्थी. त्यानं १९९१ साली 'लिनक्स' ही संगणकप्रणाली लिहायला सुरुवात केली आणि ती सर्वांना मोकळी करून दिली. पुढे जगभरातले हजारो लोक त्यात भर घालू लागले. कोणाचा बदल घ्यायचा, कोणाचा नाही, कोणी कुठे काय केलं, याचा हिशोब ठेवायला ते एका कंपनीचं साधन वापरत. लिनक्सच्या मंडळींना ते फुकट मिळत होतं. २००५ साली ती सवलत बंद झाली. मग लिनसनं स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांतच गिट स्वतःचीच नोंद ठेवण्याइतकं तयार झालं! म्हणजे फेरफार वहीतली पहिली नोंद त्या वहीचीच! गिट आजही मोफत मिळतं.

अर्थात ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ साली मार्क रोशकिंड यांनी अशा नोंदी ठेवणारी प्रणाली तयार केली होती.

काळ्या पडद्याला घाबरू नका

गिटशी बोलायची जुनी आणि सरळ जागा म्हणजे टर्मिनल. सिनेमात दिसतो तो काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं! इथे चित्रांवर टिचक्या मारायच्या नाहीत. आज्ञा टाईप करायची, एंटर दाबायचं, संगणक काम करतो. म्हणून याला 'कमांड लाईन', म्हणजे आज्ञेची ओळ, म्हणतात.

या आज्ञा फार तोकड्या असतात. फोल्डरमध्ये काय काय आहे ते पाहायला नुसती एल आणि एस ही दोन अक्षरं. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला सी आणि डी. नक्कल करायला सी आणि पी. अशी कंजुषी का? त्याचं कारण मजेदार आहे. १९६९ च्या सुमारास केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' ही प्रणाली सुरू केली. तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाईप यंत्रं असायची. ती कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापत. मग लांबलचक आज्ञा कोण लिहील? आपल्याकडे तार करताना शब्दाला पैसे पडायचे, म्हणून लोक मोजके शब्द लिहायचे. आजीआजोबांना विचारा! तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण युनिक्सच्या तोकड्या आज्ञा अजून तशाच आहेत.

चला, नोंद करू या

गिट संगणकावर घेतलं, की आधी एकदाच आपलं नाव आणि ईमेल त्याला सांगायचं. ते प्रत्येक नोंदीला चिकटतं, म्हणून कोणतं नाव आणि कोणता ईमेल द्यायचा, ते आईबाबांना विचारूनच ठरवा. मग 'वणी' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं आणि पुढच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या.

'गिट इनिट' : इथे नवी नोंदवही उघड. फोल्डरमध्ये एक लपलेला कप्पा तयार होतो. सगळा इतिहास त्यातच राहतो. त्याला हात लावायचा नाही!

'गिट स्टेटस' : आत्ता काय बदललंय, काय नोंदवायचं राहिलंय, ते सांग. ही आज्ञा कितीही वेळा द्या, काही बिघडत नाही. गोंधळलात की आधी हीच द्या.

'गिट ॲड' आणि पुढे फाईलचं नाव : या फाईलमधला बदल नोंदीसाठी पुढे ठेव.

'गिट कमिट' : नोंद कर. याच्याबरोबर एक संदेश लिहायचाच असतो. काय बदललं आणि का, ते त्यात सांगायचं.

हा संदेश म्हणजे फेरफाराचा जीव आहे. 'बदल केला' असं लिहून काय उपयोग? ते तर दिसतंच आहे! 'गडाचा तालुका कळवण असा लिहिला, नकाशात तपासला' असं लिहा. सहा महिन्यांनी तुमचे तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल.

आता आपल्या त्या तीन मुलांकडे परत जाऊ. त्यांनी गिट वापरलं असतं, तर 'गिट लॉग' या आज्ञेनं सगळ्या नोंदी ओळीनं दिसल्या असत्या. 'गिट शो' म्हटलं की एका नोंदीत नेमकं काय बदललं ते दिसतं. जुन्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, नव्या ओळीपुढे अधिकचं. वजा 'कळवण', अधिक 'दिंडोरी'. चूक लगेच डोळ्यांत भरली असती! आणि 'गिट ब्लेम' म्हटलं, की फाईलच्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणी लावला ते कळतं. नावात 'ब्लेम' म्हणजे दोष असला, तरी ही आज्ञा भांडायला नाही बरं का! 'तू हे का बदललंस?' हे योग्य माणसाला विचारता यावं, म्हणून आहे. कदाचित त्याच्याकडे तुम्हाला ठाऊक नसलेलं कारणही असेल.

मग चूक दुरुस्त कशी करायची? 'गिट रिव्हर्ट' या आज्ञेनं. ती चुकीची नोंद पुसत नाही. त्या नोंदीच्या बरोबर उलटी अशी नवी नोंद करते. अगदी फेरफारासारखंच! चूक झाली होती, हेही वहीत राहतं, आणि ती सुधारली, हेही राहतं.

कोणी मधलीच नोंद गुपचूप बदलली तर? गिट प्रत्येक नोंदीला ४० चिन्हांचा एक ठसा देतं. तो त्या नोंदीच्या मजकुरावरून आणि तिच्या आधीच्या नोंदीच्या ठशावरून गणितानं काढलेला असतो. एक काना जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे ठसेही बदलतात. तिघांच्याही संगणकावर सगळा इतिहास असतो. मग लबाडी लपणार कशी?

नोंद नसली तर काय होतं?

तुम्ही म्हणाल, एका प्रदर्शनासाठी एवढा खटाटोप कशाला? मग महाराष्ट्रातलीच एक खरी गोष्ट ऐका.

छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ हातानं उतरवून घेत. उतरवणारा कधी एखादी ओळ विसरे, कधी अवघड शब्दाऐवजी सोपा घाली, तर कधी प्रेमानं स्वतःची भर टाकी. पण 'ही भर माझी' अशी नोंद कोण ठेवणार? ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली लिहिली गेली. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी प्रती तपासून शुद्ध पाठ तयार केला. त्यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत, असंही त्यांनी बजावून ठेवलं.

महाभारताचं काम तर याहून कितीतरी मोठं होतं. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. १९१९ मध्ये तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायचं काम सुरू झालं. देशभरातून हस्तलिखितं मिळवली. कोणी काश्मीरची शारदा लिपीतली, कोणी बंगालीतली, कोणी तेलुगू, ग्रंथ किंवा मल्याळम लिपीतली. एकूण १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली! १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर या कामाचे प्रमुख संपादक झाले. ते केंब्रिजला गणित शिकलेले होते. त्यांचं काटेकोर काम पाहिलं की ते गणित आठवतंच!

काम कसं चाले, माहीत आहे? आडव्याउभ्या रेघा आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत एक श्लोक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ. ज्या अक्षराच्या ठिकाणी फरक असेल, त्याच चौकोनात तो फरक लिहायचा. एका श्लोकासाठी असा एक कागद! गिट जे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करून दाखवतं, ते ही मंडळी अक्षर अक्षर ताडून हातानं करत होती.

यातून काही नवलाच्या गोष्टी समोर आल्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आवडीची. पण ती पुष्कळ जुन्या प्रतींत नव्हती, असं दिसलं. म्हणून संपादकांनी ती मुख्य पाठात न ठेवता परिशिष्टात ठेवली. नीट लक्ष द्या, त्यांनी ती फेकून दिली नाही! कोणत्या प्रतीत काय आहे, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलं. उद्या कोणाला त्यांचा निर्णय तपासायचा असेल, तर सगळा पुरावा तिथे आहे.

सुखटणकर १९४३ मध्ये वारले. पुढे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम चालवलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सत्तेचाळीस वर्षं! ज्यांनी सुरू केलं, त्यांच्यातले कितीतरी जण पूर्ण झालेलं पाहायला उरले नव्हते. प्रत्येक उतरवणाऱ्यानं 'मी काय बदललं' याची एक ओळ लिहून ठेवली असती, तर यातले कितीतरी कष्ट वाचले असते!

हात चालवा भराभर

आज्ञा टाईप करायच्या म्हटलं की काहींना कंटाळा येतो. पण तरबेज माणसं थोडंच टाईप करतात. त्यांच्या काही युक्त्या पाहा.

१. टॅब हे बटण विसरू नका. फाईलच्या नावाची पहिली दोनतीन अक्षरं लिहा आणि टॅब दाबा. उरलेलं नाव संगणक पुरं करतो. शुद्धलेखनाच्या चुकाही टळतात.

२. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची आज्ञा परत येते. पुन्हा दाबलं की त्याच्या मागची.

३. कंट्रोल आणि आर ही बटणं एकदम दाबून जुन्या आज्ञेतला एखादा तुकडा लिहा. ती आज्ञा इतिहासातून शोधून मिळते. खिडकीवरून खिडकीवर उड्या मारण्यापेक्षा हे किती सोपं!

४. आज्ञेला टोपणनाव ठेवा. घरी आपण 'ज्ञानेश्वर'ला 'माऊली' म्हणतो ना, तसंच! 'गिट स्टेटस' वारंवार लागतं, तर 'स्टेटस'साठी एस आणि टी ही दोनच अक्षरं गिटला शिकवून ठेवता येतात.

५. उभी रेघ ओढून दोन आज्ञा जोडता येतात. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जावं, तसं पहिल्या आज्ञेचं उत्तर दुसऱ्या आज्ञेत जातं. एक आज्ञा सगळ्या नोंदी एकेका ओळीत देते, दुसरी ओळी मोजते. जोडल्या की कळलं, आपण एकूण किती नोंदी केल्या!

आणि या सूचना मात्र पाळायच्याच. आर आणि एम या अक्षरांची आज्ञा फाईल थेट उडवते. तिथे कचऱ्याची टोपली नसते, म्हणून परत मागता येत नाही. ज्या आज्ञेचा अर्थ ठाऊक नाही, ती कोणी सांगितली म्हणून देऊ नका. गिटमध्ये पासवर्ड, फोन नंबर असलं काही नोंदवू नका. फाईलमधून नंतर काढलं, तरी जुन्या नोंदीत ते राहतंच! आणि मजकूर साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवा, म्हणजे ओळ न् ओळ ताडून पाहता येईल. मराठी मजकूर चालतो, पण फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलेलं सोयीचं.

वहीतही करून पाहा

घरी संगणक नसला तरी हिरमुसू नका. दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर आपल्या गल्लीची किंवा शेताची माहिती लिहा. डावं पान फेरफारासाठी ठेवा. दर बदलाला नंबर द्या. तारीख, काय बदललं, का बदललं आणि कोणी, ते लिहा. जुनं वाक्य खोडू नका, त्याला कंस करा आणि नव्या वाक्याशेजारी नंबर गोल करा. महिन्याभरानं ती वही मित्राला द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला पहिल्या दिवशीची माहिती सांगता आली, तर तुमची नोंद पक्की!

पालकांनाही एक सांगणं. मुलांच्या वहीत खाडाखोड दिसली की आपण पान फाडून पुन्हा लिहायला लावतो. त्यानं अक्षर सुधारत असेल, पण मूल कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते फाटलेल्या पानाबरोबर जातं. आपल्या घरचा एखादा जुना फेरफार मुलांना जरूर दाखवा. तीनचार पिढ्यांची नावं त्यात ओळीनं उभी असतात, आणि कंसातलं नावही वाचता येतं!